नागदेवी स्ट्रीटवरचे सेफ्टी शूज, तीन महिने वापरून

मी मुंबईत डिलिव्हरी करतो, माझा मावसभाऊ कॅनडात. तिकडे थंडीत रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, दिसतच नाही, म्हणून तो बुटाखाली खिळेवाली रबरी जाळी चढवतो. आपल्याकडे मुंबईत कसला बर्फ, पण सकाळी साडेसहाला सोसायटीची लॉबी धुवायला काढतात ना, तेच पुरतं. डिसेंबरात असाच गेलो, पाठीवर बॅग, हातात दूध-अंडी, खाली मार्बलवर साबणाचं पाणी आणि पायात घासून गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज. हात टेकला, मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, साडेतीन आठवडे प्लास्टर, कमाई शून्य. फुटलेल्या अंड्यांची कंप्लेंट मात्र दहा मिनिटांत पडली.

प्लास्टर निघालं तसा मस्जिद बंदरला उतरून नागदेवी गाठली. साडेअकराशेला जोडी. दुकानदार बरा भेटला, म्हणाला आधी बूट उलटा करून एसआरसी शिक्का बघ. म्हणजे साबणाच्या पाण्याची टाइल आणि ग्लिसरीन लावलेलं स्टील, दोन्हीवर टेस्ट झालेली असते, नुसतं एसआरए असेल तर फक्त टाइल. आणि रबरी सोलच घे, पीयूचा (पॉलियुरेथेन, फोमसारखं प्लास्टिक) हलका असतो पण दमट हवेत पडून राहिला की त्याचा भुगा होतो.

ग्रिप एक नंबर. त्याच लॉबीत, त्याच साबणाच्या पाण्यात मुद्दाम पाय घासून बघितला, चर्र आवाज आला पण हलला नाही. सर्व्हिस लिफ्टसमोर कचऱ्याच्या डब्यांचं चिकट पाणी सांडलेलं असतं (आम्हाला तीच लिफ्ट, मेन लिफ्टला हात लावायचा नाही) तिथेही ठीक. फक्त मेट्रोच्या कामाजवळचा चिखल खाचांत बसला की सगळं संपलं, मग बाइकच्या चावीने कोरत बसा.

आता रडगाणं. जड आहेत, लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगचा चौथा मजला आला की कळतं. पुढे स्टीलची टोपी आहे त्यामुळे गिअर पायाला जाणवत नाही, पहिला आठवडा नुसता न्यूट्रलमध्ये अडकत होतो, आणि मॉलच्या दारात मशीन बोंबलतं ते वेगळंच. पावसाळा अजून काढायचाय.

घेणार असाल तर संध्याकाळी जा, पाय सुजलेले असतात तेव्हाच खरा साइज कळतो. मी सकाळी घेतले, करंगळी अजून शिव्या देते.