'फुल्ली वर्किंग' म्हणे! सेकंडहँड याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन

हा जुना रोलचा कॅमेरा साडेसहा हजारांत ऑनलाइन घेतला. जाहिरातीत 'फुल्ली वर्किंग' होतं आणि विकणाऱ्याला खोटारडाही म्हणता येईना, कारण इलेक्ट्रोत सेल नसला तरी शटर उडतं. फक्त कायम १/५०० वर, म्हणजे उजेड कितीही असो, सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतंच. व्हिडिओत तो खट् खट् करून दाखवतो आणि आपण भाळतो. ही गोम मला पैसे गेल्यावर कळली.

पार्सल जालन्याला आलं तेव्हा कॅमेरा दिसायला अगदी नवरदेव. क्रोम चकाचक, चामडं कुठं उचललेलं नाही. आमच्या अण्णांचा जुन्या जालन्यात स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरीला अशीच एक याशिका असायची. त्यांनी तो डोळ्याला लावलाच नाही. कानापाशी धरून रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढला, खटका दाबला, पुन्हा ओढला.

"टक् कुठं गेला रे ह्याचा?"

इलेक्ट्रोचा लिव्हर ओढताना आतून एक जाड 'टक्' यायला हवा. आत रबराचा एक चिमुकला तुकडा असतो, पन्नास वर्षांत त्याचं डांबर होतं. मग टक् जातो, उजेड कमी की जास्त हे सांगणारे पिवळा आणि लाल दिवा मनाला येईल तसे लागतात आणि एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडेल याचा, भरवसा उरत नाही. परदेशातले शौकीन ह्या तुकड्याला 'पॅड ऑफ डेथ' म्हणतात. नाव ऐकून मी घाबरलो, अण्णा हसले.

पहिला रोल तरीही घातलाच (हौस). ३६ पैकी नऊ फोटोंवर कडेनं केशरी पट्टा, बाकीचे बरेचसे पांढरेफटक. दौलताबादचा किल्ला तर चुन्यात बुडवल्यासारखा. पट्ट्याचं कारण मागच्या झाकणाच्या खाचेतला, बाहेरचा उजेड अडवणारा फोम. नख लावलं तर काळा चिकट गोळा निघाला, बोट दोन दिवस धुतलं. हे काम घरी होतं: आयसोप्रोपिल अल्कोहोल, दातकोरणी आणि भरपूर चिकाटी. खाचेत काळी लोकर बसवली, बिजागरीच्या बाजूला मखमलीची पट्टी. मखमल संभाजीनगरच्या गुलमंडीवरून आणली, दुकानदारानं वीतभर कापड मागितल्यावर माझ्याकडे बघितलं ते सांगत नाही.

सेलची खोली उघडली तर पत्र्यावर हिरवा थर. तो लिंबाच्या रसानं आणि कापसाच्या बोळ्यानं निघाला. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. मी ६ व्होल्टचा ४एलआर४४ कागदाच्या गुंडाळीत बसवतो, उरलेल्या जागेत जुन्या टॉर्चची स्प्रिंग. मागचं बटण दाबल्यावर दिवा लागला की समजायचं, करंट पोचतोय.

रबराच्या कामाला मात्र मी हात लावला नाही. संभाजीनगरला शहागंजच्या बाजूला एक चाचा आहेत, पाटी नाही, घड्याळवाल्याच्या शेजारी अर्धं टेबल. "इसका रबर गल गया, और सामने का काच भी देखो," म्हणत त्यांनी लेन्समागून टॉर्च मारला. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्या कोरड्या हवेत हे सहसा होत नाही, कॅमेरा समुद्रकाठचा असावा. बुरशी पुसली गेली, पण एका जागी कोटिंग खाल्लेलं राहिलं. तेवढं चालतं, फक्त उन्हाकडे तोंड करून काढलं तर फोटो धुरकट येतो. रेंजफाइंडरच्या, म्हणजे फोकस साधायला एकमेकींवर आणायच्या, दोन प्रतिमाही जुळत नव्हत्या. लांबच्या रस्त्यावरून एकाऐवजी दौलताबादचे दोन चांद मिनार दिसायचे, ते आता एक झाले. सगळे मिळून अठराशे घेतले, तीन आठवडे लावले, फोन एकदाही उचलला नाही. तरी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन.

म्हणजे कॅमेरा पडला सव्वाआठ-साडेआठ हजाराला. चांगला आहे का? आहे. ४५ मिमी एफ १.७ ची, भरपूर उजेड आत घेणारी लेन्स संध्याकाळच्या उजेडात हेवा वाटावा असं काम करते. पण घेताना विकणाऱ्याला सेल घालून व्हिडिओ मागा, आवाज चालू ठेवून. अंधारात लिव्हर ओढून खटका दाबला की शटर बराच वेळ उघडं राहायला हवं. नुसतं 'खट्' ऐकू आलं तर हजार-दोन हजार कमी करायला लावा किंवा सोडा.

सेल्फ टायमर अजून अडकलेलाच आहे. चाचा म्हणाले, छेडू नका, शटरही घेऊन बसेल. अण्णांचं म्हणणं वेगळंच, "राहू दे. ह्या गुडघ्यांनी मी पळत येऊन फोटोत उभा राहणार आहे का?"