सांदवाडीतील भाज्यांसाठी निंबोळी तेल: एका खरिपाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरामागच्या सांदवाडीत या खरिपात वांग्याची वीस झाडे, भेंडीच्या चार ओळी, थोडी बरबटी आणि ढेमशाचे पाच-सहा वेल होते. जुलैच्या अखेरीस भेंडीची पाने कडेने पिवळी पडून वर वळू लागली, बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढला आणि वांग्याचे शेंडे माना टाकू लागले, तेव्हा तालुक्याच्या गावातील एका कृषी केंद्रातून मी निंबोळी तेलाची 250 मिलिलिटरची बाटली आणली. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि तेव्हापासून, जिथून सकाळी तोडलेली भाजी दुपारी ताटात येते त्या जागी लाल त्रिकोणाचे, म्हणजे अतिविषारी औषध न्यायचे नाही, असे आमच्या घरी ठरलेले आहे.

दुकानदाराने प्रथम पुढे केलेल्या बाटलीवर कडुनिंबाच्या पानांचे सुरेख चित्र होते, परंतु अझाडिरॅक्टिन किती आहे याचा उल्लेख कुठेच नव्हता. निंबोळीतील हाच घटक किडीवर काम करतो, त्यामुळे प्रमाण न छापलेले तेल घेणे म्हणजे फॅट न पाहता दुधाचा भाव ठरवण्यासारखे आहे. दोनदा विचारल्यावर 1500 पीपीएमची, म्हणजे 0.15 टक्के अझाडिरॅक्टिनची बाटली मिळाली. ‘हे सगळ्याच किडींवर चालते’ असेही त्याने ठासून सांगितले, आणि माझी खरी तक्रार या वाक्याबद्दल आहे.

मावा आणि भेंडीची पाने वळवणारे तुडतुडे यांच्यापुरते हे तेल मला पटले. एका लिटर पाण्यात 5 मिलिलिटर टाकताच पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि तेलाचा तवंग वर आला नाही, यावरून त्यात पाण्यात मिसळणारा घटक नीट घातलेला आहे हे कळते. नुसत्या घाण्याच्या तेलात साबणाचे पाणी मिसळावे लागते. दोन लिटरच्या हातपंपाने पानांच्या खालच्या बाजूने आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या केल्या. पहिल्या दोन दिवसांत काहीच फरक दिसला नाही, आणि तो दिसणारही नव्हता, कारण अझाडिरॅक्टिनने कीड जागच्या जागी मरत नाही. तिचे खाणे मंदावते आणि पिल्लांची कात नीट पडत नाही. दुसऱ्या फवारणीनंतर मात्र बरबटीचे नवे शेंडे स्वच्छ निघाले, आणि मावा खाणारे ढालकिडेही त्यांवर फिरताना दिसत राहिले.

वांग्यावर मात्र हा सारा खटाटोप आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा थाटाचा ठरला. शेंडे व फळे पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते, आणि एकदा ती आत बसली की पानांवरून ओघळणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच दुकानातून नंतर आणलेल्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या सापळ्यात, या अळीचे रोज दोन-चार पतंग सापडत, तरीही फळे किडतच होती. या सापळ्याकडे फक्त नर ओढले जातात आणि शेजारच्या वावरातून आलेल्या, आधीच मीलन झालेल्या माद्यांना त्याने काहीच अडथळा होत नाही. एवढ्याशा वाडीत त्याचा उपयोग पतंग आले हे कळण्यापुरताच. खरा उतार पडला तो सुकलेले शेंडे इंचभर खालून खुडून अळीसकट जाळल्यावर, आणि छिद्र पडलेली वांगी झाडाखाली न टाकता रोज उचलल्यावर. भरताच्या दिवसांपर्यंत निम्म्याहून अधिक वांगी धड मिळू लागली.

एक चूक माझीही झाली. घाईत भर दुपारच्या उन्हात फवारणी केल्याने ढेमशाची कोवळी पाने ठिकठिकाणी करपली. शिवाय अझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर निकामी होते, त्यामुळे फवारणी संध्याकाळीच करावी हे दोन्ही अंगांनी खरे. भेंडीच्या तीन झाडांवर आलेला केवडाही तेलाने हटला नाही. तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग असल्याने ती झाडे उपटून टाकावी लागली.

हीच कामे घरच्या निंबोळी अर्कानेही होतात. पाच टक्के अर्कासाठी पाच किलो वाळलेल्या निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, एकूण शंभर लिटर द्रावण करायचे असते. आमच्या वाडीला तीन लिटरच लागत असल्याने दीडशे ग्रॅम भरडा पुरेसा आहे. पावसाच्या तोंडावर अंगणात सडा पडलेल्या निंबोळ्या त्या वेळी वेचून सावलीत वाळवल्या असत्या, तर ही बाटली आणावीच लागली नसती. अर्क मात्र त्याच दिवशी संपवावा लागतो. बाटलीची सोय तेवढी अधिक.

एका फवारणीला 15 मिलिलिटर याप्रमाणे हंगामात 45 मिलिलिटर तेल संपले. उरलेले पुढच्या वर्षापर्यंत तितकेच जोमदार राहील असे मी धरत नाही, म्हणून उत्पादनाची तारीख दाखवून निम्मे तेल शेजारच्या दोन घरी दिले. छोटी बाटली त्या दुकानात मिळत नाही.