फिट्सचं पहिल्याच भेटीत सांगायचं की चार भेटींनंतर?
मला फिट्स येतात, रोज रात्री 9 ला गोळी. पहिल्याच भेटीत सांगितलं की मोकळं वाटतं खरं, पण समोरचा आपल्याला अजून ओळखतच नसतो ना, त्याला फक्त आजार दिसतो, एकाने तर कॉफी अर्धी ठेवून बिल मागवलं. चार-पाच भेटींनंतर माणूस नीट ऐकतो, विचारतो, मग सांगता येतं की कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, 5 मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन. मला हेच पटतं. फक्त लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत सांगाच, 1999 च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात फिट्स हे लग्न रद्द करायचं कारण राहिलेलं नाही, तरी त्याला हे तुमच्याच तोंडून कळू दे.