आमच्या विमानाच्या इंजिनाचं ओव्हरहॉल आणि गेलेले एकोणीस लाख

इंजिनाच्या ओव्हरहॉलच्या नावाखाली एका एजंटाने आम्हाला कसं फसवलं, हे लिहायला मला चार महिने लागले. प्रकरण पोलिसांत आहे आणि वकिलांनी नावं लिहू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे एजंटाचं, वर्कशॉपचं, कुणाचंच नाव इथे सापडणार नाही. पद्धत मात्र सगळी सांगतो. तीच पद्धत घेऊन तो माणूस आज दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफिसात बसलेला असेल, अशी माझी खात्री आहे.

आम्ही तिघे नाशिकचे. माझं अंबड एमआयडीसीत मशिन शॉप आहे, एक मित्र दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागाईतदार, तिसरा डॉक्टर. मी आणि डॉक्टर दोघांकडे पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे. तिघांनी मिळून एक जुनं सेसना १७२ घेतलं. चार सीटचं, पुढे एकच लायकमिंग ओ-३२० इंजिन. जागा मिळाली ती खानदेशातल्या एका धावपट्टीवर, म्हणून रविवारी पहाटे अंधारात निघायचं, राहुड घाट उतरून मालेगावच्या पुढे जायचं आणि ऊन तापायच्या आत उडून परत यायचं. लोकांना वाटतं विमान म्हणजे अंबानींचं काम. आम्ही तिघांनी त्यासाठी बाकीच्या बऱ्याच हौशी सोडल्या होत्या.

या इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी कंपनीची शिफारस २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. आमचे तास निम्मेही झाले नव्हते, पण वर्षं उलटली होती. पूर्ण ओव्हरहॉल म्हणजे इंजिन सगळं सुटं करायचं, प्रत्येक भाग मोजायचा, क्रँकशाफ्टला बारीक तडे आहेत का ते चुंबकीय तपासणीने पाहायचं आणि काही भाग चांगले दिसले तरी फेकून नवे घालायचे. ते भाग कोणते, याची यादीच लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन २४० मध्ये आहे: बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, रिंगा वगैरे. याउलट टॉप ओव्हरहॉल म्हणजे फक्त सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह. खालचं पोट उघडायचंच नाही. बाहेरून रंग मारला की दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात. आमच्याकडून पैसे पूर्ण ओव्हरहॉलचे घेतले आणि काम टॉपचं केलं. तेही नीट नाही.

दोन ठिकाणांहून कोटेशन आलं होतं, २८ लाख आणि ३१ लाख. एजंटाने १९ सांगितले. माणूस अनोळखी नव्हता, लायसन्सच्या दिवसांपासून हँगरवर दिसायचा. अंबडला माझ्या केबिनमध्ये येऊन बसला, म्हणाला, "शेठ, भाग अमेरिकेतून थेट मागवतो, मधला कुणी नाही, म्हणून परवडतं." ६० टक्के आगाऊ दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंजिन दुसऱ्या राज्यातल्या वर्कशॉपला गेलं. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर सुट्या भागांचे फोटो यायचे. त्यातल्या एकाही फोटोत इंजिनाची नंबरप्लेट नव्हती, हे मला नंतर कळलं.

ऑक्टोबरात इंजिन आलं. करड्या रंगात चकचकीत, सोबत जाड फाइल. मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या भागाचा) टॅग, कार्ब्युरेटरचा टॅग, सिलिंडरचे टॅग, सगळे अमेरिकेच्या ८१३०-३ फॉर्मवर; टॅग म्हणजे भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला. इंजिनाचा स्वतःचा रिलीज सर्टिफिकेट वेगळा. माझ्या कारखान्यात मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटशिवाय स्टीलचा एक बार आत येत नाही, आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर बारवर कोरलेल्या नंबराशी जुळवल्याशिवाय मशिनवर चढत नाही. तरी इथे मी फाइल चाळली, शिक्के पाहिले आणि कपाटात ठेवली. इंजिन बसवणाऱ्या एएमईनेही (विमान देखभालीच्या लायसन्सधारक इंजिनिअरनेही) टॅग पाहून सही केली. त्याला मी दोष देत नाही. टॅग लावून आलेला भाग पुन्हा उघडून बघणं त्याच्या कामात येत नाही.

मग आम्ही ४१ तास उडलो. चढताना विमान जरा जड वाटायचं. मार्चनंतर खानदेशात पारा चाळिशीला टेकतो, तापलेली हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोन्हींचा जोर कमी पडतो, तेव्हा उन्हाळाच असेल म्हणून सोडून दिलं. जानेवारीत मुलीला मागे बसवून सातमाळा रांगेच्या कडेने गेलो होतो. धोडपच्या कातळभिंतीतली ती खाच तिने वरून पाहिली आणि घरी येऊन चित्र काढलं. ते चित्र अजून फ्रिजवर लावलेलं आहे. माझ्याच्याने तिकडे बघवत नाही.

उलगडा झाला तो ईएलटीवरून. विमान पडलं तर आपोआप संकट-संकेत पाठवणारं हे यंत्र. तेही याच माणसाने "नवीन" म्हणून दीड लाखाला दिलं होतं. उपग्रह आता फक्त ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत ऐकतात, जुनी १२१.५ ची उपग्रह-देखरेख १ फेब्रुवारी २००९ पासून बंद आहे. ४०६ चं यंत्र भारतात इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्राकडे, म्हणजे इस्ट्रॅकमधल्या आयएनएमसीसीकडे नोंदवावं लागतं. "नोंदणी मी करून देतो" असं एजंट म्हणाला होता, ती त्याने केलीच नव्हती. मे महिन्यात एआरसीच्या, म्हणजे विमान उडण्यायोग्य असल्याच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची कागदपत्रं जमवताना आमच्या इंजिनिअरने नोंदणीचा पुरावा मागितला. फॉर्म भरायला मी यंत्रावरचा १५ अक्षरांचा कोड उतरवून घेतला आणि कॉस्पस-सारसॅट या उपग्रह-शोधाच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या संकेतस्थळावर उलगडून पाहिला. भारताचा देश-क्रमांक ४१९. आमच्या यंत्रात निघाला ३६६, अमेरिकेचा. लेबल सोललं तर खाली दुसरं लेबल. बॅटरीची मुदत संपलेली. डोंगरात पडलो असतो तर शोध घेणाऱ्यांना मालक म्हणून दुसऱ्याच देशातल्या कुणाचं तरी नाव दिसलं असतं.

त्या रात्री फाइल पुन्हा उघडली. टॅगवर वर्कशॉपचा फोन होता, तिथे लावला. पलीकडच्या माणसाने गोड इंग्रजीत सांगितलं, "हो, हे आमचेच टॅग." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या, आमच्या कॉलनीतल्या काकांना फाइल दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हा फोन नंबर तुला कुणी दिला?" मी म्हटलं, टॅगवरच आहे. ते म्हणाले, "अरे, मग ज्याने टॅग बनवला त्यालाच तू विचारलंस."

काकांनी सांगितलं तसं केलं. मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रांची यादी अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामकाकडे जाहीर असते, आपल्याकडच्या सीएआर-१४५ (विमान दुरुस्तीची) मान्यता असलेल्या संस्थांची आपल्या नियामकाकडे, डीजीसीएकडे. त्या यादीतला पत्ता घेऊन प्रत्येक टॅगची प्रत पाठवली: खाना क्रमांक ३ मधला ट्रॅकिंग नंबर, १० मधला सिरियल नंबर, ११ मध्ये काय काम केलं ते. नऊ दिवसांत चार उत्तरं आली. मॅग्नेटोच्या टॅगचा नंबर खरा होता, पण तो त्यांनी एका स्टार्टरसाठी दिलेला. कार्ब्युरेटरच्या टॅगवर सही करणारा माणूस त्या तारखेच्या तीन वर्षं आधीच नोकरी सोडून गेलेला. सिलिंडरचे दोन टॅग मात्र खरे होते आणि भागही तेच. ही त्याची चलाखी. खऱ्या कागदांत खोटे मिसळले की एखादाच कागद तपासून थांबणारा माणूस फसतो.

आम्ही विमान तिथेच उभं केलं. ऑइल फिल्टर कापला तर घड्यांमध्ये चमकणारा धातूचा चुरा. मान्यता असलेल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं. रॉडचे बोल्ट जुनेच, बेअरिंग जुनीच, कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर खड्डे पडलेले. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या वर बसतो आणि त्याला तेल शिंतोड्यांनी मिळतं. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की तेल खाली निथळतं आणि पावसाळी दमटपणात कॅम गंजतो. आमचं विमान दोन पावसाळे उभंच होतं. पूर्ण ओव्हरहॉलमध्ये हा कॅम नजरेआड होऊच शकला नसता. झिजलेला कॅम व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, म्हणून चढताना जोर कमी. त्याचा चुरा बेअरिंगमध्ये जातो, आणि पुढचं मला लिहायचं नाही.

खोट्या भागांची किंमत जगाने मोजलेली आहे. ८ सप्टेंबर १९८९ ला ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनएअरचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले. शेपटाकडच्या भागात बनावट बोल्ट निघाले होते. २०२३ मध्ये लंडनच्या एका पुरवठादाराने मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग बनावट सर्टिफिकेटवर विकल्याचं उघड झालं. एवढ्या मोठ्या एअरलाइन फसतात, तिथे एका विमानाचे तीन मालक त्याला सोपेच.

बागाईतदार मित्र सगळं ऐकून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, माझ्या द्राक्षाच्या पेटीवरच्या नंबरावरून युरोपातला माणूस माझा प्लॉट शोधतो. ग्रेपनेटवर, निर्यातीच्या द्राक्षांच्या त्या सरकारी नोंदणीत, फवारणीपासून सगळं आहे. आणि ज्याच्यावर आपण जीव टाकतो त्याचा नंबर आपण जुळवला नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तक्रार भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या आणि बनावट दस्तऐवजाच्या कलमांखाली, ३१८, ३३६ आणि ३४० खाली नोंदली गेली. डीजीसीएलाही लेखी कळवलं. पैसे परत येतील असं मी धरून चाललेलो नाही.

तुम्ही विमानाचं काम काढणार असाल तर ठरवतानाच बजावून सांगा की काढलेले जुने भाग परत हवेत. स्कूटरचे ब्रेकशू बदलले तरी आपण जुने मागून घेतो, आणि मी इंजिनाचे बेअरिंग मागितले नाहीत. एजंटाचं एकरकमी "स्पेअर्स आणि मजुरी" असं बिल घेऊ नका. बुलेटिन २४० च्या यादीतल्या प्रत्येक भागाचं खरेदी-बिल आणि मोजमापांचा तक्ता मागा. क्रँकशाफ्ट किती मायक्रॉन झिजलाय हे लिहिलेलं नसेल तर तो कुणी मोजलेलाच नाही. इंजिन सुटं असताना एक दिवस स्वतः तिथे जाऊन उभे राहा. नाशिकहून जायला लागणारा खर्च १९ लाखांपुढे काहीच नाही. आणि पहिल्या २५ तासांनी फिल्टर कापून बघा. आमचा चुरा तेव्हाच दिसला असता, पण फिल्टर कापायचा सोडून आम्ही नुसता बदलला.

गेल्या आठवड्यात गुजरातमधून एका विमानमालकाचा फोन आला, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून. त्याने मॅग्नेटोचा टॅग पाठवला. ट्रॅकिंग नंबर आमच्या टॅगवरचाच, सही तीच, फक्त सिरियल नंबर वेगळा. मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, विमान आत्ता कुठे आहे. "हँगरमध्ये," तो म्हणाला. मग मी खुर्ची ओढली आणि त्याला एकेक खाना वाचून दाखवायला सुरुवात केली.