पासवर्ड ठेवायचे कुठं? वही, ब्राउझर, बिटवॉर्डन आणि कीपास

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन लेथ, दोन सीएनसी आणि त्रेचाळीस खाती. एका रविवारी बसून मोजली, म्हणून आकडा सांगू शकतो: जीएसटी, ई-वे बिल, पीएफ, ईएसआयसी, उद्यम नोंदणी, दोन बँका, महावितरण, शिवाय ज्यांना आम्ही जॉब, म्हणजे सुटे भाग, पुरवतो त्या कंपन्यांची व्हेंडर पोर्टल्स. या सगळ्यांचे पासवर्ड ठेवायच्या चारही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत: वही, ब्राउझर, आणि बिटवॉर्डन व कीपास ही पासवर्ड सांभाळणारी दोन सॉफ्टवेअरं. तुम्ही सध्या त्याच विचारात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. पासवर्ड लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

ठाऊक असूनही आपण करतो काय? कोल्हापुरात मी पाहिलेल्या कितीतरी पासवर्डांची सुरुवात ‘एमएच०९’ नं होते आणि पुढं गाडीचा नंबर असतो. म्हणजे दारात उभ्या असलेल्या गाडीवरच तो लिहिलेला असतो. त्यात व्हेंडर पोर्टल दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतं. मग शेवटचा १ जाऊन २ येतो, २ जाऊन ३. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या पुस्तिकेतून ही सक्ती सगळीकडं पसरली. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी निस्टनंही ठरावीक मुदतीनं बदलायची सक्ती नको असं सांगितलं. आपल्याला मात्र अनेक ठिकाणी ती अजून पाळावी लागते. म्हणून डोक्यात ठेवण्यावर माझा विश्वास नाही. कुठंतरी ठेवावे लागतातच.

आता मूळ गोष्ट. २०२३ ची ललित पंचमी, १९ ऑक्टोबर. त्र्यंबोली यात्रेला टेंबलाई टेकडीवर गेलो होतो, गर्दीत फोन गेला. दुसऱ्या दिवशी २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. तरी मी निर्धास्त होतो, कारण सगळे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले होते. संध्याकाळीच नवा हँडसेट घेतला आणि मेल उघडायला गेलो. पासवर्ड बरोबर होता, पण मेलनं दुसरा कोड पाठवला तो हरवलेल्या नंबरवर. सकाळी डुप्लिकेट सिम काढलं. रेंज आली, कॉल येऊ लागले, एसएमएस मात्र एकही येईना. मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या मुलानं सांगितलं, सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. दूरसंचार विभागाचा २०२२ चा नियम आहे हा, आणि तो योग्यच आहे. कुणी आपल्या नावावर दुसरं सिम काढलं तर बँक खात्याला हात लावण्याआधी आपल्याला सावध व्हायला तेवढा वेळ मिळतो.

पण त्या दिवशी अडकलो होतो मी. जीएसटीचा ओटीपी मोबाइलवर जातो आणि मेलवरही. मोबाइलवर येत नव्हता, आणि मेल उघडत नव्हतं. कारखान्यातल्या संगणकावर तिघांचे हात असतात, म्हणून तिथं मी मेल कधी उघडं ठेवलं नव्हतं. ब्राउझरमधले पासवर्ड त्याच मेलच्या खात्यात, त्यामुळं तेही आतच. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं तशी अवस्था. रिटर्न २१ तारखेला गेलं. विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपये आणि एका दिवसाचं व्याज, रक्कम किरकोळ. पण दसरा चार दिवसांवर असताना पैसे घ्यायला आलेला ओतकामवाल्याचा माणूस दोनदा रिकाम्या हातानं परत गेला, आणि जुलै २०१७ पासून एकही रिटर्न न चुकवलेल्या माझ्या खात्यावर उशिराची नोंद लागली. त्याचं वाईट अजून वाटतं.

तेव्हापासून पासवर्ड ठेवायची कुठलीही सोय मी एकाच गोष्टीवर तोलतो: फोन आणि सिम दोन्ही गेलेल्या दिवशी ती मला आत घेते का?

या कसोटीवर वही चांगली उतरते. वहीला ओटीपी लागत नाही, आणि दूर कुठंतरी बसलेला भामटा तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. घरातल्या ज्येष्ठांची पाच-सहा खाती असतील तर मी आजही वहीच सुचवीन. अडचणी दोन. एक अक्षराची: शून्य की ओ, एक की एल, हे तीनदा चुकलं की बँक खातं लॉक करते. दुसरी आपल्या गावाची. शाहूपुरी कुंभार गल्लीत माझ्या मेहुण्याचं दुकान आहे. २०१९ च्या महापुरात त्याची वही गल्ल्यासकट पाण्यात गेली. जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं झालं होतं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्याची बातमी आली की आता तो आधी वही वर नेतो. वही ठेवणार असाल तर साध्या बॉलपेननं लिहा, आणि एक नक्कल दुसऱ्या घरात ठेवा.

ब्राउझर रोजच्या वापरात सगळ्यात सुखाचा. विचारतो, साठवतो, भरतो. बनावट साइटवर तो पासवर्ड आपोआप भरत नाही, हा त्याचा गुण फारसा कुणी सांगत नाही. पत्ता एका अक्षरानं वेगळा असला तरी तो गप्प राहतो आणि तिथंच आपण सावध व्हायचं. मात्र अँड्रॉइड फोनवर साठवलेली यादी सहसा स्क्रीन लॉकनंच उघडते. चार आकड्यांचा तो पिन घरात मुलांना माहीत असतो, दुकानात पोऱ्याला. आणि सगळा भार एका मेल खात्यावर. ब्राउझरच वापरायचा असेल तर माझी एकच विनंती: त्या खात्याचे बॅकअप कोड आजच कागदावर घ्या. गुगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, आणि त्याला सिम लागत नाही, रेंजही लागत नाही. टेंबलाईला गेलो त्या दिवशी असा एक कागद घरात असता तर हे लिहायची वेळ आली नसती. रिकव्हरीचा नंबर कुठला दिलाय तेही पाहून घ्या. आमच्याकडच्या एका टर्नरनं जुना नंबर रिचार्जविना सोडून दिला होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि त्याच्या खात्यांचे कोड मग त्या माणसाकडं जातात.

बिटवॉर्डन मी सात-आठ महिने वापरलं आणि त्याबद्दल तक्रार करावी असं फार काही नाही. फुकट योजनेतही कितीही पासवर्ड, कितीही यंत्रं. फोनवर साठवलेलं संगणकावर लगेच दिसतं. सगळी यादी उघडणारा एकच मास्टर पासवर्ड असतो; तो कंपनीलाही कळत नाही, त्यामुळं तो विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. हे दुधारी आहे, पण मला पटतं. मला खटकली ती वेगळी गोष्ट. तुम्ही त्यात दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावली नसेल, तर २०२५ पासून नव्या यंत्रावरून उघडताना ते मेलवर कोड पाठवतं. मेलचा पासवर्ड मात्र बिटवॉर्डनमध्ये! म्हणजे मी फिरून त्याच दारात. उपाय सोपा आहे: ऑथेंटिकेटर अॅप (एसएमएसविना फोनवरच कोड तयार करणारं) जोडा आणि बिटवॉर्डन देतं तो रिकव्हरी कोड लिहून ठेवा. तेवढं केलंत तर माझ्या कसोटीवर तेही उतरतं, आणि बहुतेकांना तेच सोयीचं पडेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तरी मी शेवटी थांबलो कीपासवर.

कीपास म्हणजे एक कुलूपबंद फाइल, बस. तिच्यामागं सर्व्हर नाही, खातं नाही, नोंदणी नाही. संगणकावर मी ती कीपासएक्ससीमध्ये उघडतो, फोनवर कीपासडीएक्समध्ये. मास्टर पासवर्ड टाकला की उघडते; ‘हे तुम्हीच का’ असं विचारणारं मध्ये कुणी नसतं. फोन गेला तर कारखान्यातली प्रत आहे, कारखान्यात काही झालं तर पेन ड्राइव्ह गडहिंग्लजला ताईकडं. मेलचे सहा आकडी, तीस सेकंदांनी बदलणारे कोडसुद्धा मी त्याच फाइलमध्ये ठेवलेत. जाणकार म्हणतात पासवर्ड आणि कोड एकत्र ठेवू नयेत. म्हणणं बरोबर आहे. पण माझा धोका चोराइतकाच हरवण्याचाही आहे, आणि त्या कोडला नेटवर्क लागत नाही.

त्रास आहे, तो लपवत नाही. प्रती जुळवायचं काम आपलं. फोनवर एक पासवर्ड बदलला, संगणकावर दुसरा, की दोन फाइली वेगळ्या होतात. कीपासएक्ससी त्या एकत्र करून देतं, पण आठवणीनं करायला हवं. चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लावणारंही कुणी नाही, म्हणजे फाइल ज्याच्या हाती पडेल तो हवे तितके अंदाज करू शकतो. म्हणून मास्टर पासवर्ड खरोखर लांब हवा. मी शब्दकोश डोळे मिटून सहा वेळा उघडला, बोट पडलं तो शब्द घेतला आणि रोमन लिपीत सलग टाइप केला. आरतीची ओळ किंवा म्हण घेऊ नका. ती तुमच्याइतकीच दुसऱ्यालाही पाठ असते. हे सहा शब्द पाकिटात बंद करून बायकोच्या कपाटात ठेवलेत, आणि ते का ठेवलेत हे तिला नीट समजावून सांगितलंय.

तुमची खाती दहाच्या आत असतील तर कीपासचा व्याप कदाचित जास्त वाटेल. ब्राउझर आणि कागदावरचे दहा कोड पुरे होतील. घरात तीन-चार जणांना एकाच यादीतून काम करायचं असेल तर बिटवॉर्डन बरं. पण ज्याचं रिटर्न, पगार आणि पेमेंट एकाच सिमला टांगलेलं आहे, त्यानं कीपास महिनाभर तरी वापरून पाहावं असं मी म्हणेन.

खंडेनवमीला आम्ही मशीनांची पूजा करतो, त्या दिवशी कारखाना बंद असतो. गेल्या वर्षीपासून पूजा झाली की मी फोन घरी ठेवतो, पाकीट फोडतो आणि ताईकडचा पेन ड्राइव्ह मागवून दुसऱ्याच संगणकावर फाइल उघडून पाहतो. पहिल्याच वेळी उघडली, पण त्यातली प्रत आठ महिने जुनी निघाली आणि एका बँकेचा नवा पासवर्ड त्यात नव्हता. आता दर २० तारखेला, रिटर्न गेलं की, लगेच नवी प्रत काढतो.