चामखिळीवरचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड: काही महिने लावल्यानंतर

एक चामखीळ बोटावर, नखाला लागून, आणि दुसरी तळव्यावर. दोन्हींवर हेच औषध लावत होतो. बोटावरची लवकर गेली, आता जागा शोधूनही सापडत नाही. तळव्यावरचीही गेली, पण घाम फोडून.

कोलोडियनमध्ये, म्हणजे वाळून पापुद्रा होणाऱ्या चिकट द्रावात, १७ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. लावलं की वाळून पांढरा पापुद्रा धरतो. रात्री पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, कोरडा करायचा, मऊ पडलेली कातडी घासणीने घासायची आणि मगच थेंब सोडायचा. जुन्या पापुद्र्यावर नवा थर चढवत राहिलात तर औषध आत पोचतच नाही. माझ्या मते खरं काम घासणीचं आहे, आणि कंटाळाही तिथेच येतो. ती घासणी फक्त चामखिळीपुरती ठेवा. हा एचपीव्ही विषाणूचा संसर्ग आहे, घासणीवरून नखाला किंवा घरच्या दुसऱ्या कुणाला सहज लागतो.

घासताना काळे ठिपके दिसू लागले. अनेकजण त्यांना 'मूळ' समजून कोरत बसतात. ते मूळ नव्हे, गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. चामखीळ त्वचेच्या वरच्या थरातच असते. ठिपके गेले आणि बोटांच्या ठशासारख्या त्वचेच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग दिसल्या, की थांबायचं. मध्येच सपाट झाली म्हणून औषध सोडलं तर ती परत डोकं वर काढते.

आजूबाजूच्या निरोगी कातडीला लागलं तर चांगलंच चुरचुरतं. कडेने आधी पेट्रोलियम जेली लावली की निभावतं. जागा लाल होऊन दुखायला लागली तर एक-दोन दिवस सुट्टी द्यावी. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर हे लावायचं नाही, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. बारा आठवडे नेमाने लावून फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. तिथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. घरी वापरायचे गोठवण्याचे स्प्रे तेवढे थंड होत नाहीत, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. लहान मुलांच्या चामखिळी तर पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, त्यांच्यामागे एवढं लागायची गरज नसते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बाटलीसाठी: झाकण जरा सैल राहिलं की औषध मधासारखं घट्ट होतं आणि ब्रशच चिकटून बसतो. शिवाय ते चटकन पेट घेतं, गॅसजवळ ठेवू नका.