‘लेटेस्ट एडिशन’ म्हणून गळ्यात मारलेला सीएचा जुना संच

सीए इंटरमिजिएट आणि फायनलच्या अभ्याससाहित्यात होणारी बरीचशी फसवणूक तारखेची असते. पुस्तक खरं असतं, लेखक खरा असतो, छपाईही बरी असते. फक्त ते तुमच्या अटेम्प्टचं, म्हणजे तुम्ही ज्या महिन्याच्या परीक्षेला बसणार त्या परीक्षेचं, नसतं. विकणारा पहिला प्रश्न काय विचारतो यावरूनच निम्मं कळतं. ‘कुठला अटेम्प्ट?’ न विचारता जो थेट ‘एक ग्रुप की दोन्ही?’ म्हणतो, त्याला गोदाम रिकामं करायचं आहे असं खुशाल समजा.

असा एक ठरावीक संच उघडून बघू. पुढच्या अटेम्प्टचा महिना छापलेलं नवंकोरं कव्हर, वर चकचकीत प्लास्टिक. आत टॅक्सेशनच्या पुस्तकात कॅपिटल गेन्सचं प्रकरण काढा. लिस्टेड शेअर्सवर ३ लाखांचा लाँग टर्म नफा, कर काढा. पुस्तकातलं उत्तर: १ लाख वजा, उरलेल्या २ लाखांवर १० टक्के, म्हणजे २०,००० रुपये. पण २३ जुलै २०२४पासूनच्या विक्रीला दर १२.५ टक्के झाला आणि सूट सव्वा लाखाची. म्हणजे १,७५,००० वर २१,८७५ रुपये. कव्हर कितीही ताजं असू दे, आतला मजकूर २०२४च्या जुलैआधीचा आहे हे या एका उदाहरणात उघडं पडतं. पगाराच्या प्रकरणातही तसंच: नव्या करप्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन ५० हजारच दाखवलं असेल, ७५ हजार नसेल, तर पुढची पानं उलटायची गरजच नाही.

यात खरा तोटा पैशांचा नसून हाताला लागलेल्या सवयीचा असतो. शंभर गणितं जुन्या दराने सोडवली की परीक्षेत पेन आपोआप जुनाच दर लिहितं. आता तर १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. १९६१च्या कायद्यातले कलमांचे क्रमांक बदलले, ‘असेसमेंट इयर’च्या जागी ‘टॅक्स इयर’ आलं. जुने संच स्वस्तात काढून टाकायला विक्रेत्यांना याहून मोठं कारण मिळणार नाही. तुमच्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठला फायनान्स अ‍ॅक्ट लागू आहे, हे सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या (अभ्यास विभागाच्या) पानावर बघा आणि मगच ऑर्डर द्या. जीएसटीची कटऑफ तारीख वेगळी असते, तीही तिथेच मिळते. मे २०२४च्या परीक्षेला, उदाहरणार्थ, ३१ ऑक्टोबर २०२३पर्यंतच्या अधिसूचना धरल्या होत्या.

दुसरी मेख जुन्या स्कीमची, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची. मे २०२४पासून इंटर आणि फायनल दोन्हीकडे आठऐवजी सहा पेपर झाले. तरी सेकंडहँड बाजारात इंटरचे ‘अकाउंटिंग’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग’ असे दोन वेगळे संच अजून फिरतात. नव्या स्कीममध्ये अकाउंट्सचा पेपर एकच, अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग. ‘ईआयएस-एसएम’ (एंटरप्राइझ इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) किंवा ‘इकॉनॉमिक्स फॉर फायनान्स’ हे शब्द इंटरच्या पुस्तकावर दिसले की ते रद्दीच्या भावातही महाग. एसएम आता एफएमच्या (फायनान्शियल मॅनेजमेंटच्या) जोडीला आहे, ईआयएस आणि इकॉनॉमिक्स इंटरमधून गेलं. शिवाय इंटर आणि फायनलला आता ३० टक्के गुण केस सिनॅरिओवरच्या एमसीक्यूंना असतात. ज्या प्रश्नसंचात सुटे एका ओळीचे एमसीक्यू आहेत, परिच्छेद वाचून सोडवायचे नाहीत, तो नव्या पॅटर्नचा म्हणवला तरी नाही.

पेनड्राइव्ह लेक्चर्सचं गणित तर मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं. ‘१.५ व्ह्यूज, नऊ महिने व्हॅलिडिटी’ असं लिहितात. १८० तासांच्या बॅचला दीड व्ह्यू म्हणजे २७० तास. एकेक प्रकरण दोनदा बघायचं म्हटलं तर ३६० लागतात. काही प्लेअर घड्याळाचा वेळ मोजतात, काही लेक्चरचा. दुप्पट वेगाने बघितल्यावर तास निम्मे कापले जातात की पूर्ण, हे आधी लेखी विचारून घ्या. व्हॅलिडिटी खरेदीपासून धरतात की अ‍ॅक्टिव्हेशनपासून? लॅपटॉप बदलला तर प्लेअर उघडण्याची ‘की’ (कोड) पुन्हा मिळते का? एक्सटेन्शनचे पैसे किती? फोनवर सगळ्याला ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणतात. अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर रिफंड नाही ही ओळ मात्र बिलावर हमखास असते. म्हणून डेमो आधी स्वतःच्या मशीनवर चालवून बघा. बरेच प्लेअर मॅकवर चालतच नाहीत.

टेस्ट सिरीजमध्ये फसवायला फारशी अक्कलही लागत नाही. आयसीएआयचे आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) मोफत उतरवून घेता येतात, तेच प्रश्न नावं बदलून विकतात. सॅम्पल पेपरमधले तीन प्रश्न घ्या, नावं सोडून आकडे शोधा, गेल्या तीन-चार आरटीपींत सापडले तर पैसे वाचले. तपासलेल्या पेपरचा नमुनाही मागा. वर्किंग नोट्सच्या बाजूला पायरीगणिक गुण दिसले पाहिजेत. नुसतं ‘इम्प्रूव्ह प्रेझेंटेशन’ आणि शेवटी एक आकडा, ही तपासणी नव्हे. ‘शंभर टक्के पास’ असं कोणी छापत असेल तर लक्षात ठेवा, कोचिंगच्या जाहिरातींत अशा खोट्या हमीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई आहे.

टेलिग्रामवरची स्वस्त लेक्चर्स ही निराळीच जात. पायरसी आहेच, पण बहुतेकदा तीही पुरी मिळत नाही. पहिली रक्कम घेऊन चार व्हिडिओ पाठवतात, मग ‘अ‍ॅक्टिव्हेशन’, मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’, मग ब्लॉक. परीक्षेआधी ‘पेपर’ विकणारेही तिथेच. त्यांची हातचलाखी सोपी: चॅनेलवर आधी काहीतरी फाइल टाकायची, परीक्षा झाल्यावर तीच पोस्ट एडिट करून खरा पेपर चढवायचा. पोस्टवर तारीख जुनीच राहते. पुढच्या अटेम्प्टच्या मुलांना तोच पुरावा दाखवतात.

फसलात तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण टेलिग्रामवर समोरचा दोन्ही बाजूंचं संभाषण पुसू शकतो. दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून युजरनेमही टिपा. पुस्तकांच्या बाबतीत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ कामाला येते. तिथे ‘जुनं पुस्तक पाठवलं’ एवढं सांगून भागत नाही. पार्सलचं लेबल न फाडता व्हिडिओ सुरू करा, त्याच शॉटमध्ये प्लास्टिक कापा, कव्हरवरचा अटेम्प्ट दाखवा आणि कॅमेरा न थांबवता कॅपिटल गेन्सचं ते पान उघडा.